हिमालयातील शीतजिवाणू आणि परभणीची काळी जमीन : एक चिकित्सा

पर्वतीय मृदेतील जिवाणूंविषयीच्या लेखनात ‘शीतप्रेमी’ आणि ‘शीतसहिष्णू’ या संज्ञा अनेकदा समानार्थी वापरल्या जातात. ही गल्लत केवळ शाब्दिक नाही. रिचर्ड मोरिटा यांच्या १९७५ मधील व्याख्येनुसार, १५ अंश सेल्सिअस किंवा त्याखाली सर्वोत्तम वाढणारे आणि सुमारे २० अंशांपलीकडे न वाढणारे जिवाणू शीतप्रेमी होत. शीतसहिष्णू जिवाणू थंडीतही वाढतात. मात्र त्यांना अनुकूल तापमान २० अंशांहून अधिक असते.

हैदराबाद येथील पेशीय व रेण्वीय जीवशास्त्र केंद्रातील संशोधकांनी २०१० साली रूपकुंड परिसरातील हिमनदीच्या मृदेतून ‘क्रायोबॅक्टेरियम रूपकुंडेन्स’ या शीतप्रेमी प्रजातीचे वर्णन केले. याउलट अल्मोड्याच्या विवेकानंद पर्वतीय कृषी अनुसंधान संस्थेने गव्हाच्या रोपांसाठी अभ्यासलेला, स्फुरद विरघळवणारा ‘स्युडोमोनास लुरिडा’ हा शीतसहिष्णू आहे. पहिल्या संशोधनाचे मोल जैवविविधतेच्या ज्ञानात, तर दुसऱ्याचे शेतीतील उपयुक्ततेत आहे. दोहोंस एकच निकष लावणे अशास्त्रीय ठरते.

परभणी जिल्ह्याच्या संदर्भात हा भेद अधिकच महत्त्वाचा आहे. येथे रब्बी ज्वारी व हरभरा थंडीत वाढतात आणि पहाटेचे तापमान कधीकधी १० अंशांखाली उतरते. परंतु उन्हाळ्यात पारा ४० अंशांपुढे जातो. शीतप्रेमी जिवाणू येथे तग धरू शकणार नाहीत. शीतसहिष्णू जिवाणूंबाबतही केवळ तापमानाचा विचार अपुरा आहे. आम्लधर्मी डोंगराळ मृदेत स्फुरद प्रामुख्याने लोह व ॲल्युमिनियमशी, तर विम्लधर्मी काळ्या जमिनीत कॅल्शियमशी बद्ध होतो. तेव्हा तेथील यश येथे गृहीत धरून जिवाणू खताची शिफारस केल्यास त्या गृहीतकाची किंमत शेतकऱ्याला मोजावी लागेल.

स्थानिक जमिनीत असे जिवाणू नाहीत, हा निष्कर्षही घाईचा ठरेल. जिवाणूगणना प्रायः २८ ते ३० अंशांवर, अल्प मुदतीत केली जाते; त्या पद्धतीत थंडीत सावकाश वाढणारे जिवाणू निसटण्याचा संभव असतो. हिवाळ्यातील नमुने १०, २० व ३० अंशांवर, काही आठवडे तपासणे महाविद्यालयीन प्रयोगशाळांनाही अशक्य नाही. त्यासाठी शीतकरणाची सोय असलेला इनक्युबेटर व अखंड वीजपुरवठा हवा. दख्खनच्या उष्ण पठारावरील हैदराबादेत हिमनदीचे जिवाणू अभ्यासले गेले, हे येथे ध्यानात घ्यावे.

सारांश, हिमालयातील संशोधनातून परभणीने जिवाणू नव्हे, तर शोधाची पद्धती उचलणे श्रेयस्कर ठरेल.