जंत, जंतू आणि एक तराजू

पोटात जंत असले की क्षयरोग बळावतो का, हे समजावताना व्याख्यानांत आणि पुस्तकांत हटकून एक तराजू दाखवला जातो. फळ्यावर काढायला तो सोपा, मुलांना चटकन कळणारा. म्हणूनच तो जरा तपासून घ्यावा असे आम्हाला वाटते.

मराठीत जंत आणि जंतू यांत एका उकाराचा फरक. पण पोटातला गोल जंत वीतभर लांब असू शकतो, तर क्षयाचा जंतू मिलिमीटरच्या काही हजाराव्या भागाएवढा. जंतू आपल्या भक्षक पेशींच्या आतच दडून राहतो. जंताला गिळणे कोणत्याच पेशीला शक्य नाही. तेव्हा शरीराचे उपायही वेगळे. 1986 साली मॉसमन आणि कॉफमन यांनी उंदरांच्या मदतनीस टी-पेशींचे दोन प्रकार वर्णन केले. टीएच-1 पेशींच्या इंटरफेरॉन-गॅमामुळे भक्षक पेशींना आतले जंतू मारण्याचे बळ येते. टीएच-2 पेशी जंतांविरुद्ध इओसिनोफिल पेशी आणि आयजीई प्रतिपिंडे वाढवतात. एक प्रकार दुसऱ्याला दाबतो. हाच तो तराजू: जंतांमुळे टीएच-2चे पारडे जड झाले की क्षयाविरुद्धचे हलके पडते.

मग जंत पाडले की पारडे सावरायला हवे. इथिओपियातील 2001 सालच्या एका अभ्यासात तसे दिसलेही. जंतनाशक देऊन मग बीसीजी टोचलेल्यांच्या रक्तपेशींनी अधिक जोमदार प्रतिसाद दिला. पण पुढे युगांडात एंटेबे येथे सुमारे 2,500 गरोदर स्त्रियांवर झालेल्या चाचणीत (2011) आईला अल्बेंडॅझोल दिल्याने बाळाच्या बीसीजी-प्रतिसादात फरक पडला नाही. इथिओपियातच जंत असलेल्या क्षयरुग्णांना अल्बेंडॅझोल देऊन पाहिले (2015). इओसिनोफिल घटले, क्षयाच्या लक्षणांतील सुधारणा मात्र गोळी न मिळालेल्यांइतकीच राहिली.

तराजू खोटा नाही, अपुरा आहे. जंत फक्त एक पारडे दाबत नाहीत. नियामक टी-पेशी आणि इंटरल्युकिन-10 यांच्या मार्गे ते सगळीच प्रतिक्रिया मंदावतात. या पेशींना तराजूत जागाच नाही. शिवाय परीक्षानळीतला प्रतिसाद म्हणजे रोगापासून संरक्षण नव्हे.

आमचा मोठा आक्षेप वेगळा आहे. या चित्रात घर दिसत नाही. अंकुशकृमीची अळी शेतातल्या ओल्या मातीतून अनवाणी पायात शिरते, गोल जंताची अंडी न धुतलेल्या हातांनी आणि भाजीतून पोटात जातात, क्षय कोंदट खोलीतल्या हवेतून पसरतो. शहरातल्या झोपडपट्टीत दाटी आणि घाण एकत्र नांदतात. खेड्यात माती जास्त, दाटी कमी असू शकते. कुपोषण दोन्हीकडे. एकाच माणसात दोन्ही रोग सापडले म्हणून एकाने दुसरा आणला असे ठरत नाही. दोन्ही त्याच दारिद्र्यातून आलेले असू शकतात.

2015 पासून राष्ट्रीय जंतनाशक दिनी शाळांतून अल्बेंडॅझोल वाटले जाते. जंतांसाठी ते द्यावेच, पण या गोळीने क्षय टळतो असे वर्गात सांगू नये. आणखी एक घोटाळा संभवतो. गोल जंताच्या अळ्या वाढताना फुप्फुसांतून जातात, तेव्हाही काही दिवस खोकला येतो. ‘जंतांचाच असेल’ म्हणून घरचे थांबतात. खोकला दोन आठवड्यांवर गेला तर मुलाला क्षयाच्या तपासणीसाठी आरोग्य केंद्रात पाठवायचे, मग त्याने गोळी घेतलेली असो वा नसो.