तांदुळवाडी : डोंगरानेच घातलेला तट

‘वर बघण्यासारखं काही नाही’ असा शेरा सफाळ्याच्या तांदुळवाडी किल्ल्याबद्दल हमखास ऐकू येतो. फोटोजोगा महादरवाजा नाही, सलग तटबंदी नाही, वाड्यांचे चौथरे नाहीत. ज्यांना किल्ला म्हणजे राजगड-रायगडच हवा, त्यांची निराशा होणारच. मला मात्र पालघरच्या किल्ल्यांत हाच सगळ्यात हुशारीने रचलेला वाटतो.

तुलनेसाठी इंग्लंडमधल्या डॉर्सेटचा मेडन कॅसल हा डोंगरी किल्ला घ्या. तिथली टेकडी बुटकी, खडूच्या मऊ दगडाची. लोहयुगातल्या माणसांनी खंदक खणून निघालेल्या मातीचे बांध घातले, एकामागे एक. तिथे डोंगर कमी पडला, म्हणून माणूस राबला. आपल्या बसाल्टात ते काम लाव्ह्याच्या थरांनी आधीच करून ठेवलंय. तांदुळवाडीची अरुंद धार आणि दोन्ही अंगांचे उतार पाहिले, की तटावर खर्च का केला नसावा ते चढता चढताच पायांना कळतं. उलट उदाहरण शेजारीच आहे. केळव्याजवळचा भवानगड मराठ्यांनी पोर्तुगीजांविरुद्धच्या वसईच्या मोहिमेत उभारला. टेकडी ठेंगणी, म्हणून तिथे दगडी तट चढवणं भाग पडलं.

मग तांदुळवाडीत माणसाने घाम कुठे गाळला? पाण्यावर. माथ्यावर कातळात खोदलेली टाकी आहेत, आणि या किल्ल्याची खरी कारागिरी तीच. एखाद्या टाक्याच्या काठाशी उकिडवे बसा. आजूबाजूचा कातळ ओबडधोबड, उन्हापावसाने खाल्लेला. टाक्याची कड मात्र सुतात धरल्यासारखी सरळ. ती कड ओलांडली की थेट खोली. छिन्नी-हातोड्याने एवढा दगड काढायचा, तोही पाणी पाझरून जाणार नाही असा अखंड थर हेरून! रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’त गड बांधण्याआधी पाणी पाहा, नसेल तर खडक फोडून टाकी करा, असं बजावलंय. ती शहाणीव सह्याद्रीत त्यांच्याआधी कितीतरी शतकं मुरलेली होती.

आता मान वर करा. खाली सूर्या नदी वैतरणेला मिळते, पश्चिमेला सपाटी आणि पलीकडे समुद्र. हवा स्वच्छ असेल तर काळदुर्ग, कोहोज, टकमक असे सोबती किल्ले ओळखता येतात. वैतरणेच्या खाडीतून भरतीबरोबर गलबतं आत मनोरपर्यंत जात. म्हणजे खाडीची ये-जा नजरेत ठेवणं हे या माथ्याचं काम, आणि त्यासाठी लागतात ते चार डोळे आणि उन्हाळ्यापर्यंत पुरणारं पाणी. एवढंच होतं, आणि तेवढं पुरेसं होतं. 1739 मध्ये चिमाजीअप्पांनी वसई घेतली, फिरंगी गेले, आणि असल्या पहाऱ्याच्या जागांची गरजही हळूहळू ओसरली.

पावसाळ्यात इथे गर्दी उसळते. धुक्यात ना संगम दिसतो ना समुद्र. दिवाळीनंतर या, तांदुळवाडी गावातला वाटाड्या सोबत घ्या, आणि त्या टाक्यांत कृपा करून डुंबू नका.