‘संबोधी’ : गाव की ज्ञान?

सोपाऱ्याचे प्राचीन बंदर गाळात गेले, पण त्याने एक कोडे मागे ठेवले आहे. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांना तेथील भातेला तळ्याजवळ एक भग्न शिलाखंड मिळाला. त्यावर अशोकाच्या आठव्या लेखाच्या तुटक ओळी होत्या. सबंध लेख लावायचा तर गिरनार, कालसी येथील प्रती पुढे घ्याव्या लागतात. त्याचा आशय असा: पूर्वीचे राजे विहारयात्रेला, म्हणजे शिकारीला नि मौजेला, निघत, प्रियदर्शी राजा मात्र अभिषेकास दहा वर्षे झाल्यावर ‘संबोधी’ला गेला, आणि त्यातून धर्मयात्रा सुरू झाली.

घोडे पेंड खाते ते या ‘संबोधी’पाशी. ऱ्हीस डेव्हिड्स म्हणतात, राजा पूर्ण ज्ञानाच्या मार्गाला लागला. आपले देवदत्त रामकृष्ण भांडारकर म्हणतात, छे, तो बोधिवृक्षापाशी, बोधगयेला गेला.

वाचकहो, हा नुसता पंडिती काथ्याकूट नव्हे. कोणी ‘परमार्थाला लागला’ म्हटले तर तो घरातल्या पाटावरही बसलेला असेल; ‘पंढरीला निघाला’ म्हटले की वहाणा शोधाव्या लागतात. राजाने वहाणा घातल्या की नाही, एवढाच प्रश्न आहे.

मला भांडारकरांचा पक्ष बळकट वाटतो. कालसीच्या प्रतीत पूर्वीच्या राजांच्या शिकारीला आणि अशोकाच्या संबोधीला क्रियापद एकच आहे: निघणे. एकाच लेखात ते आधी पायांनी आणि मग मनाने निघणे, ही ओढाताण झाली. शिवाय पुढे धर्मयात्रेत काय घडते ते पाहा. श्रमण-ब्राह्मणांची भेट आणि दान, वृद्धांना सुवर्ण, खेड्यापाड्यांतल्या लोकांशी धर्माच्या गोष्टी. ही कामे राजवाड्यात डोळे मिटून होत नाहीत.

ऱ्हीस डेव्हिड्स यांचा अर्थ मात्र टाकाऊ नव्हे. पाली वाङ्मयात ‘संबोधी’चा नेहमीचा अर्थ ज्ञान हाच. आणखी एक अडचण आहे. अभिषेकाच्या विसाव्या वर्षी अशोक लुंबिनीला गेला, तेव्हा ‘बुद्ध येथे जन्मला’ असे त्याने स्तंभावर स्पष्ट कोरविले आणि गावाला करात सूट दिली. बोधगयेला त्याचा असा लेख मिळालेला नाही.