वाळवंटातली एक रात्र आणि ‘हे सगळं खोटं आहे’ नावाचा निष्कर्ष

पर्यटनावर पीएचडी करायची म्हणणाऱ्यांचे विषय ऐकले की एक साचा लगेच ओळखू येतो. ‘अमुक ठिकाणच्या पर्यटनाचा स्थानिक संस्कृतीवर होणारा परिणाम : एक चिकित्सक अभ्यास.’ शीर्षकात ‘चिकित्सक’ हा शब्द असतो, पण चिकित्सा नेमकी कशाची, हे विचारलं की गडबड होते. मग उत्तर येतं, ‘सर, तिथं सगळं पर्यटकांसाठी बनवलेलं असतं, अस्सल काहीच उरलेलं नाही.’

आज या उत्तराचीच चिकित्सा करू. उदाहरण तुमच्या ओळखीचं घेते : जैसलमेरजवळच्या सम इथल्या वाळूच्या टेकड्यांवरचा एक रात्रीचा मुक्काम. दिवाळीच्या किंवा नाताळच्या सुट्टीत राजस्थानला जाणाऱ्या मराठी कुटुंबांपैकी बऱ्याच जणांनी तो केलेला असतो. क्रमही बहुतेक ठरलेला. शहरापासून साधारण चाळीस किलोमीटर प्रवास, कॅम्पच्या दारात ढोल आणि टिळा, सूर्यास्ताला उंटावरून फेरी, मग चहा-भजी, शेकोटीभोवती गाणं आणि कालबेलिया नाच, दाल-बाटी-चुरमा, आणि शेवटी गादी, रजई, अटॅच्ड बाथरूम असलेला ‘स्विस टेंट’. सकाळी नाश्ता करून परत.

हे पाहून ‘हे तर नाटक आहे’ असं म्हणायला संशोधक लागत नाही. ते सोबत आलेले काकाही म्हणतात. तुम्ही तीन-चार वर्षं घालवून, फेलोशिप घेऊन काकांचंच वाक्य संदर्भांसह लिहिणार असाल, तर त्यात नवीन ज्ञान कुठं आहे?

सिद्धांत कुठून आला?

या विषयाच्या सिनॉप्सिसमध्ये एक नाव हमखास येतं : डीन मॅककॅनेल. १९७३ साली ‘अमेरिकन जर्नल ऑफ सोशिऑलॉजी’मध्ये त्यांचा लेख आला. त्यातली कल्पना मराठीत ‘रंगमंचित अस्सलपणा’ अशी सांगता येईल. त्यांनी आधार घेतला अर्व्हिंग गॉफमन यांचा. गॉफमननी रोजच्या जगण्याकडे रंगभूमीसारखं पाहिलं होतं : पुढचा भाग आणि मागचा भाग. खानावळीची बसायची खोली पुढचा भाग, मुदपाकखाना मागचा. वाढपी दोन्हीकडे वेगळा वागतो.

मॅककॅनेल म्हणतात, आधुनिक माणसाला आपलं जगणं पोकळ वाटतं, म्हणून तो दुसऱ्याच्या जगण्याचा ‘मागचा भाग’ बघायला निघतो. पण त्याला दाखवला जातो तो मागच्या भागासारखा सजवलेला पुढचाच भाग. त्यांनी पुढच्या आणि मागच्या भागामध्ये सहा पायऱ्या मांडल्या. दुसऱ्या पायरीचं त्यांचं उदाहरण म्हणजे भिंतीवर मासेमारीचं जाळं टांगलेलं माशांचं रेस्टॉरंट. आपल्याकडे हायवेवरच्या हॉटेलात कंदील आणि बैलगाडीचं चाक लावतात, तसंच.

आता लक्ष द्या. सहा पायऱ्या म्हणजे मोजपट्टी आहे, निकाल नव्हे. कोणती जागा कुणासाठी उघडी आहे आणि कुणासाठी बंद, हे तपासायचं ते साधन आहे. बहुतेक सिनॉप्सिसमध्ये मात्र मोजपट्टी बाजूला राहते आणि ‘रंगमंचित’ हा शब्द तेवढा शिक्क्यासारखा उमटतो. हे मॅककॅनेलचं उपयोजन नाही, हा फक्त त्यांच्या नावाचा उल्लेख आहे.

सिद्धांत कुठं अडखळतो?

साधन नीट वापरलं तरी समच्या वाळूत ते तीन ठिकाणी रुततं.

पहिली अडचण पर्यटकाची. तो अस्सलपणाच शोधत असतो, हे गृहीतक आहे. एरिक कोहेन यांनी १९७९ सालीच पर्यटनानुभवाचे पाच प्रकार सांगितले. त्यांत नुसती करमणूक हवी असलेला एका टोकाला आणि परक्या संस्कृतीत आपलं केंद्र शोधणारा दुसऱ्या टोकाला. समला आलेल्या पुण्या-नाशिकच्या कुटुंबाला विचारून बघा. नाच आपल्यासाठी बसवलेला आहे हे त्यांना पक्कं माहीत असतं. ते फसलेले नसतात, ते पाहुणे असतात, आणि कार्यक्रम चांगला व्हावा एवढीच त्यांची अपेक्षा असते. शिवाय प्रत्येकाची कल्पना वेगळी. सत्यजित राय यांचा ‘सोनार केल्ला’ १९७४ साली आला, तेव्हापासून बंगाली पर्यटक जैसलमेरच्या किल्ल्यात तो चित्रपट शोधतात. त्यांना अस्सल काय वाटतं, हे पाश्चात्त्य मध्यमवर्गावरून बांधलेल्या सिद्धांतातून कसं कळेल? देशी पर्यटक हा या सिद्धांताचा आंधळा कोपरा आहे, आणि तुमच्यासाठी ती मोकळी जागा आहे.

दुसरी अडचण इतिहासाची. ‘मूळ’ म्हणून जे आपण मनात धरतो, ते किती जुनं? कालबेलिया हा पूर्वी साप पकडणारा, सापांचे खेळ करणारा समाज. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर तो धंदा आवळत गेला. त्यांचा नाच स्टेजवरून जगभर पोहोचला तो गेल्या चार-पाच दशकांत, आणि २०१० मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेला. म्हणजे स्टेजनं या परंपरेला नुसतं बिघडवलं, असं म्हणता येत नाही. आज आपण जिला परंपरा म्हणतो, तिच्या घडणीत स्टेज आहे.

मांगणियारांचं बघा. हे मुसलमान गायक, त्यांचे यजमान बरेचसे राजपूत. जन्म, लग्न अशा प्रसंगी यजमानाघरी गायचं, त्याची वंशावळ तोंडपाठ ठेवायची, आणि त्या बदल्यात धान्य, जनावरं, मान घ्यायचा. कोमल कोठारी आणि विजयदान देथा यांनी १९६० साली बोरुंद्यात ‘रूपायन संस्थान’ सुरू केलं. पुढं कोठारींच्या प्रयत्नांतून हे गायक देशा-परदेशांतल्या मंचांवर गेले. आता कॅम्पमधला कमायचा वाजवणारा ‘खोटा’ आणि यजमानाच्या अंगणातला ‘खरा’, असं म्हणणार? अंगणातही तो कुणासमोर तरी, मोबदला घेऊनच गात होता. बदललं आहे ते नातं. यजमान त्याला पिढ्यान्पिढ्या ओळखत होता, कॅम्पमधला पाहुणा त्याचं नावही विचारत नाही. संशोधनाचा प्रश्न इथं आहे.

तिसरी अडचण त्या तंबूची. ‘वाळवंटात एसी आणि कमोड? मग अनुभव कसला?’ ही टीका फार सोपी आहे. राहुटी, डेरा, शामियाना हे शब्द आपल्या भाषेत आले कुठून, याचा विचार करा. ‘ऐने-अकबरी’मध्ये बादशाही छावणीचं वर्णन आहे. इंग्रज कलेक्टर हिवाळ्यात दौऱ्यावर निघत, तेव्हा टेबल-खुर्च्यांसह तंबू आधी पोहोचत. सत्तेचा आणि श्रीमंतीचा तंबू या देशात नेहमीच आरामशीर होता. साधा, काटक, चांदण्याखाली झोपणारा ‘अस्सल’ प्रवासी ही कल्पनाच तुलनेनं नवी आहे. तेव्हा आरामावर टीका करायची तर ती अस्सलपणाच्या नावानं करू नका. हा आराम कुणाच्या श्रमावर आणि कुणाच्या पाण्यावर उभा आहे, या मुद्द्यावर करा.

मग बघायचं काय?

आता मॅककॅनेलची मोजपट्टी पुन्हा हातात घ्या, पण उलटी धरा. कॅम्पनं काय सजवून दाखवलं हे सोडा, काय मागं ठेवलं ते शोधा.

पाण्यापासून सुरुवात करा. जैसलमेरचा वार्षिक पाऊस सरासरी २०० मिलिमीटरच्या आतबाहेर. या प्रदेशानं पाण्यासाठी खडीन, टांके, कुंई अशा व्यवस्था उभ्या केल्या. अनुपम मिश्र यांचं ‘राजस्थान की रजत बूंदें’ वाचलं नसेल तर या विषयाला हात घालू नका. आता पन्नास तंबूंच्या पन्नास बाथरूमांचं पाणी येतं कुठून, जातं कुठं? उत्तर टँकर असो, नळ असो वा बोअर, ते आकड्यांत मांडता येतं. अस्सलपणा आकड्यांत मांडता येत नाही.

मग जमीन. पोस्टरवर वाळवंट रिकामं दिसतं. प्रत्यक्षात थर हे दाट वस्तीचं वाळवंट म्हणून ओळखलं जातं, आणि वाळूच्या टेकड्या हा त्याचा एक भाग झाला. बाकी सेवण गवताची कुरणं आहेत, खेजडी आहे, देवाच्या नावानं राखलेली ओरण आहेत. याच भागात ३,१६२ चौरस किलोमीटरचं डेझर्ट नॅशनल पार्क आहे, आणि माळढोकाचा देशातला जवळपास शेवटचा आसरा इथंच आहे. नान्नजच्या माळावरून माळढोक दिसेनासा होणं म्हणजे काय, हे सोलापूरच्या वाचकांना सांगायला नको. ‘रिकामी जागा’ ही कल्पना पर्यटन विकतं, पण ती जन्माला पर्यटनानं घातलेली नाही. महसुली दप्तरातल्या ‘पडीक’ या नोंदीत ती आधीपासून आहे. संदर्भग्रंथांइतकाच वेळ दप्तराला द्या, तो याचसाठी.

आणि उंट. २०१२ च्या पशुगणनेत देशात सुमारे ४ लाख उंट होते, २०१९ मध्ये सुमारे अडीच लाख. सात वर्षांत ३७ टक्के घट. मधल्या काळात, २०१४ साली, राजस्थाननं उंटाला राज्यपशू केलं आणि २०१५ साली त्याची कत्तल व राज्याबाहेर नेणं यांवर निर्बंध घालणारा कायदा केला. घट कायद्यामुळं झाली असं घाईनं लिहू नका. ट्रॅक्टर, रस्ते, आटत गेलेली कुरणं ही कारणं त्याच्या कितीतरी आधीची आहेत. पण एक गणित समजून घ्या. पैदास करणारा पशुपालक सांडणी ठेवतो आणि नर विकतो. त्या नराला गिऱ्हाईक राहिलं नाही, तर कळप परवडत नाही. आता विचारा : कॅम्पमधला पलाण घातलेला, नकेल धरून नेलेला उंट कुणाचा? पैदास करणारा एक, विकत घेणारा दुसरा, नकेल धरून चालणारा तिसरा. यांतला फेरीचा पैसा कुणाला किती पोहोचतो? ‘पर्यटनामुळं उंट वाचला’ आणि ‘पर्यटनामुळं उंटाचे हाल झाले’ ही दोन्ही वाक्यं या तिघांना वेगळं केल्याशिवाय लिहिता येत नाहीत. पशुपालक म्हणून रायका-रेबारींचं नाव पुस्तकात वाचलंत, म्हणून समोरचा उंटवाला त्यातलाच असं धरून चालू नका. त्यालाच विचारा.

फील्डवर जाताना

कॅम्पच्या अंगणात, मॅनेजरच्या देखत घेतलेली मुलाखत हाही पुढचाच भाग असतो. ‘सब बढ़िया है, साहब’ हे वाक्य डेटा आहे, पण ते उत्तराचा डेटा नाही, प्रसंगाचा आहे. हंगाम साधारण ऑक्टोबर ते मार्च. तुम्ही डिसेंबरात तीन दिवस जाऊन आलात, तर तुम्ही पर्यटकच. जूनमध्ये जा. उंटवाला तेव्हा काय करतो, तंबू कुठं ठेवलेले असतात, नाचणाऱ्या बाईचं घर कशावर चालतं, हे तेव्हा कळेल. मुलाखतीत गेलेल्या वेळाचा मोबदला द्यायचा की नाही, हे आधी गाईडशी बोलून ठरवा आणि प्रबंधात लिहा. दुभाषा लागणार असेल तर तो कॅम्पचा माणूस नसावा.

विषयाचं शीर्षकही बदला. ‘सम येथील पर्यटनाचा संस्कृतीवर परिणाम’ ऐवजी ‘सम येथील उंटफेरीतील उत्पन्नाचे वाटप : मालक, चालक आणि पैदासकार’ असं लिहून बघा. ऐकायला रुक्ष वाटेल. आरआरसीपुढं कुणीतरी विचारेलही, ‘यात संस्कृती कुठं आहे?’ सांगा, की नकेल कुणाच्या हातात आणि पैसे कुणाच्या खिशात, हे ठरवणारी व्यवस्था म्हणजेच संस्कृती.

‘सगळं खोटं आहे’ या निष्कर्षावर माझा खरा आक्षेप हा आहे. पॅकेजमध्ये उंटवाला दिसतो, पण देखाव्याचा भाग म्हणून. त्याचे श्रम दिसत नाहीत. मग आपण येतो आणि प्रबंधात लिहितो की हा देखावा बनावट आहे. म्हणजे तो माणूस एकदा माहितीपत्रकात पुसला गेला आणि दुसऱ्यांदा आपल्या चिकित्सेत. दिवसभर वाळूत चालून त्याचे पाय दुखतात, ते तरी रंगमंचित नाहीत. तुमच्या सिनॉप्सिसच्या पहिल्या पानावर त्याला जागा आहे का, एवढं आज रात्री उघडून बघा.