'एक नंबर' आणि 'पहिला क्रमांक' : फुटबॉलपटूंच्या श्रेष्ठतेची मीमांसा

जगातील आजवरच्या व्यावसायिक फुटबॉलपटूंमध्ये श्रेष्ठ कोण, हा वाद कोल्हापूरला नवा नाही. पेले, मॅराडोना, मेस्सी, रोनाल्डो ही नावे येथील पेठांतून घरच्या माणसांच्या नावांसारखी घेतली जातात. वादातील क्रीडाविषयक भाग जाणकारांवर सोपवून, 'अमुक खेळाडू सर्वश्रेष्ठ होय' या विधानाची रचना तपासणे एवढाच प्रस्तुत टिपणाचा हेतू आहे.

'श्रेष्ठ' या शब्दात 'इष्ठ' हा संस्कृतातील अतिशयदर्शक प्रत्यय मुळातच आहे. मराठीत मात्र त्या प्रत्ययाची जाणीव मावळून 'श्रेष्ठ' हे साधे विशेषण झाले. म्हणूनच 'सर्वश्रेष्ठ' असा दुहेरी अतिशय आपल्याला खटकत नाही. मराठीला तमभावाचा स्वतःचा प्रत्यय नाही. तो भाव 'सर्वांत' या सप्तम्यन्त पदाने व्यक्त होतो, आणि या पदाबरोबरच 'सर्व म्हणजे कोण?' असा प्रश्न उभा राहतो. क्रमवारी लावणारे 'सर्वांत' हे पद उच्चारतात. त्याची व्याप्ती मात्र सहसा सांगत नाहीत.

व्याप्ती बदलली की निकाल बदलतो. इ. स. २००० मध्ये जागतिक फुटबॉल महासंघाने शतकातील सर्वोत्तम खेळाडू निवडावयाचे ठरविले. इंटरनेटवरील मतदानात मॅराडोना पहिला आला. महासंघाच्या मासिकाचे वाचक आणि तज्ज्ञ यांनी पेलेला कौल दिला. अखेर दोघांनाही गौरवावे लागले. 'फ्रान्स फुटबॉल' या नियतकालिकाचा 'बॅलन डी'ऑर' हा पुरस्कार १९५६ साली सुरू झाला. परंतु १९९४ पर्यंत तो युरोपीय नागरिकत्व असलेल्या खेळाडूंपुरताच मर्यादित होता. साहजिकच तीन विश्वचषक जिंकणाऱ्या पेलेचे नाव त्या काळच्या विजेत्यांत नाही. मेस्सीने हा पुरस्कार २०२३ पर्यंत आठ वेळा मिळविला. पण या आठाची तुलना पेलेच्या शून्याशी करणे म्हणजे परीक्षेस बसू न दिलेल्या विद्यार्थ्यास अनुत्तीर्ण ठरविणे होय. गोलांची संख्या हा निकषही निर्दोष नाही. पेलेच्या नावावर सांगितल्या जाणाऱ्या १,२७९ गोलांत मैत्रीपूर्ण सामन्यांतील गोलही आहेत. आणि गोल अडविणाऱ्याचे मोल तर या मापाने निघतच नाही. 'बॅलन डी'ऑर' मिळविणारा गोलरक्षक आजवर एकच झाला, तो म्हणजे १९६३ सालचा लेव्ह याशिन.

'व्यावसायिक' हे विशेषणही असेच कुंपण घालते. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारताने ऑस्ट्रेलियाला ४–२ असे हरविले. त्या सामन्यात मुंबईच्या नेव्हिल डिसोझा यांनी तीन गोल केले, आणि स्पर्धेत सर्वाधिक गोल करणाऱ्या तिघांत त्यांची गणना झाली. तो संघ हौशी खेळाडूंचा होता. व्यावसायिकांच्या याद्यांत डिसोझा यांचे नाव नसते याचे कारण केवळ त्यांच्या खेळात शोधू नये. ते त्या एका विशेषणातही आहे.

या संदर्भात कोल्हापुरी बोलीतील एक प्रयोग लक्षणीय वाटतो. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहार या तालमींचा सामना पाहून परतणारा प्रेक्षक 'गोली एक नंबर खेळला' असे म्हणतो, आणि त्याच दमात 'फॉरवर्डही एक नंबर' असेही म्हणतो. यात त्याला विसंगती वाटत नाही. येथे 'एक' ही संख्या क्रम दाखवीत नसून गुणाची परिपूर्णता दाखविते. 'एक नंबर' अनेक असू शकतात. 'पहिला क्रमांक' मात्र एकालाच मिळतो आणि उरलेल्यांना खाली ढकलूनच मिळतो. क्रमवाऱ्यांची गफलत येथे आहे : पहिल्या प्रकारचा अनुभव त्या दुसऱ्या प्रकारच्या विधानात कोंबतात. कुस्तीत दोन समकालीन मल्लांचा प्रश्न तांबड्या मातीत चीतपट होऊन सुटतो. अकरा जणांच्या खेळात, तेही भिन्न पिढ्यांतील खेळाडूंपुरता, असा आखाडा उपलब्ध नाही.

म्हणून तुलना त्याज्य ठरते काय? मुळीच नाही. 'पेक्षा' हे शब्दयोगी अव्यय ज्या वाक्यात येते त्यात दोन व्यक्ती आणि एक गुण स्पष्ट असतील, तर ते वाक्य पडताळता येते. 'अमक्याचा डावा पाय तमक्यापेक्षा अचूक' या विधानावर पुरावा मागता येतो. 'सर्वश्रेष्ठ' या विधानावर बहुधा निष्ठाच मागितली जाते. इंग्रजीतून आलेले 'गोट' हे संक्षेपाक्षर आपल्या तरुणांनी याच अर्थी उचलले आहे. मराठीत 'गोट' म्हणजे छावणी, हा योगायोग बोलका आहे.

प्रश्न केवळ शब्दांचा नाही. क्रमवारी लेखी आकड्यांवर आणि चित्रफितींवर जगते. कोल्हापूरच्या तालमींतून खेळलेल्या जुन्या पिढ्यांजवळ या दोन्ही गोष्टी फारशा नाहीत. त्यांचा खेळ वृद्ध प्रेक्षकांच्या वर्णनांत तेवढा उरला आहे. आकडा नाही म्हणून गुण नव्हता, असे मानण्याची सवय एकदा जडली की ही वर्णने टिपून घेण्याची गरजही कोणास वाटणार नाही. आपल्या विभागातील विद्यार्थ्यांनी ती त्या प्रेक्षकांच्याच बोलीत, 'एक नंबर' या शब्दांसह, नोंदवून ठेवावीत. सांगणारे अद्याप आपल्यात आहेत.