आस्वाद आणि निर्णय : पॅरिस येथील १९७६ च्या वाइन-परीक्षणाचा विचार

रुची ही सर्वस्वी व्यक्तिगत बाब असून तिच्याविषयी वाद संभवत नाही, असे एक मत आहे. ते स्वीकारल्यास वाइनचे जाहीर परीक्षण हा केवळ एक समारंभ ठरतो. अशा परीक्षणाला अर्थ प्राप्त होतो तो कशामुळे, याचा विचार करण्यास २४ मे १९७६ रोजी पॅरिस येथे झालेले परीक्षण विशेष उपयुक्त आहे.

स्टीव्हन स्पुरिअर या इंग्रज व्यापाऱ्याने ते योजले होते. नऊ फ्रेंच तज्ज्ञांनी, कोणती वाइन कोठली हे ठाऊक नसताना, फ्रान्स व कॅलिफोर्निया येथील वाइनना वीसपैकी गुण दिले. तांबड्या वाइनमध्ये कॅलिफोर्नियातील ‘स्टॅग्ज लीप वाइन सेलर्स’ची १९७३ ची वाइन १२७.५ गुणांनी पहिली आली. बोर्दो येथील मूतों-रॉतशिल्दच्या १९७० च्या वाइनला १२६ गुण मिळाले. पांढऱ्या वाइनमध्येही कॅलिफोर्नियाच अग्रस्थानी राहिली.

या घटनेचे महत्त्व सामान्यतः विजयात शोधले जाते. परंतु दीड गुणाच्या अंतरावर श्रेष्ठत्वाचा निर्णय उभारता येत नाही. पहिल्या आलेल्या त्याच वाइनला एका परीक्षकाने १० गुण दिले, तर दुसऱ्याने १६.५. बेरजेने हा मतभेद मिटत नाही. तो केवळ झाकला जातो. रॉबर्ट हॉजसन यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तर, एकाच बाटलीतील वाइन न कळत तीनदा दिली असता, दहांपैकी सुमारे एकाच परीक्षकाचे गुण स्थिर राहिल्याचे आढळले. सारांश, नाव झाकल्याने प्रतिष्ठेचा दाब दूर होतो. रसज्ञता मात्र त्यामुळे उत्पन्न होत नाही.

मग परीक्षणाचा अर्थ कशात आहे? ह्यूमने १७५७ च्या आपल्या रुचिविषयक निबंधात ‘डॉन किहोते’मधील एक कथा उपयोगात आणली आहे. सँचोच्या दोघा नातलगांनी पिंपातील वाइन चाखली. एकाला तीत चामड्याची चव लागली, दुसऱ्याला लोखंडाची. लोकांनी दोघांचाही उपहास केला. पिंप रिकामे झाल्यावर तळाशी चामड्याची वादी बांधलेली लोखंडी किल्ली सापडली. येथे लक्षात घ्यावयाचे ते असे की, दोघांनीही वाइनला गुण दिले नव्हते. तीत काय आहे ते सांगितले होते. म्हणूनच त्यांचे विधान खरे किंवा खोटे ठरू शकले.

पॅरिसच्या निर्णयाला अशी किल्ली लाभली नव्हती. तथापि त्यावर घेतला गेलेला एक आक्षेप मोलाचा होता : बोर्दोच्या वाइनचे खरे गुण कालांतराने प्रकटतात, त्यामुळे ही तुलनाच अकाली होय. हा आक्षेप कसोटीस लावण्याजोगा होता. २००६ मध्ये लंडन व नापा येथे त्याच तांबड्या वाइनचे पुन्हा परीक्षण झाले, आणि पहिली पाचही स्थाने कॅलिफोर्नियाला मिळाली. १९७६ च्या परीक्षणाचे खरे फलित या प्रश्नात आहे, गुणांच्या बेरजेत नव्हे.

भरताने रसाचे स्वरूप विशद करताना अन्नाच्या आस्वादाचाच दृष्टान्त घेतला, हे येथे स्मरणीय आहे. साहित्यसमीक्षेसही हाच न्याय लागू पडतो. कृती थोर आहे एवढेच सांगणारा समीक्षक सुरक्षित असतो, कारण त्याचे म्हणणे तपासता येत नाही. कृतीत अमुक आहे असे दाखविणारा समीक्षक चुकू शकतो. आणि त्याच कारणाने त्याचे मत विचारात घेण्यास पात्र ठरते.