अनंताच्या पलीकडचा कॅमेरा

जपानी छायाचित्रकार हिरोशी सुगिमोतो यांनी १९९७ पासून आधुनिक काळातल्या नामवंत वास्तूंची कृष्णधवल छायाचित्रे काढली आणि ती जाणूनबुजून धूसर ठेवली. जुन्या मोठ्या कॅमेऱ्याचे भिंग अनंताच्या खुणेच्याही पलीकडे सरकवायचे, म्हणजे काहीच रेखीव उमटत नाही. त्यांचे म्हणणे असे की, उत्तम वास्तू या माऱ्यातूनही तगते.

ही कसोटी आम्हांला पुरती पटत नाही. आयफेल टॉवर किंवा क्रायस्लर बिल्डिंग तिला उतरतात, कारण त्यांचे सामर्थ्य बाह्यरेषेत आहे. (आमच्या वर्गातल्या मुलांना नाव झाकून ही चित्रे दाखवली, तेव्हा आयफेल सर्वांनी ओळखला, बाकीच्यांना ‘धुक्यातले मीनार’ म्हणून मोकळी झाली.) पण अलहंब्राच्या भिंतींवरची नक्षी आणि खत्ताती या भिंगासमोर धरा, उरेल ती करडी भिंत. मग ती वास्तू कमी प्रतीची ठरवायची काय? जिथे सौंदर्य बारकाव्यात वसते, तिथे हा कॅमेरा मुका होतो, एवढेच.

तरीही एका चित्रापाशी आम्ही थबकतो. न्यूयॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरचे हे चित्र १९९७ चे आहे. दोन उंच, विरघळत चाललेले आकार. खिडक्यांच्या बारीक उभ्या पट्ट्या पुसल्या गेल्या आहेत. आज पाहणाऱ्याला त्यात मातम दिसतो. पण मनोरे कोसळले ते २००१ मध्ये, चार वर्षांनंतर. म्हणजे तो शोक छायाचित्रकाराचा नव्हे, आपण नेऊन ठेवलेला आहे. कलाकृतीला भविष्य ठाऊक होते, असे म्हणणाऱ्यांचे आम्हांला नवल वाटते.

२००१ पासून या मनोऱ्यांचे चित्र आपल्यातल्या माणसाला निवांतपणे पाहता येत नाही. दुःख व्यक्त करण्याआधी खुलासा द्यावा लागतो. या धूसर चित्रासमोर मात्र तसा खुलासा द्यावासा वाटला नाही. त्यात ना विमान आहे, ना आग, ना कोणाचे नाव. दोन इमारती होत्या, एवढेच ते सांगते.

खंत एकच. या मनोऱ्यांचे वास्तुकार मिनोरू यामासाकी यांनी त्याआधी सौदी अरेबियात धहरानचे विमानतळ बांधले होते. मनोऱ्यांच्या पायथ्याशी त्यांनी टोकदार कमानींची रांग उभी केली होती, आणि तिच्यात अनेकांना इस्लामी वास्तुकलेची आठवण होई. सुगिमोतोंच्या धुक्यात त्या कमानी सापडत नाहीत.